धाकटीचा हातगुण

"फौजदारसाहेब, मला पकडून न्या. माझ्या हातानं आज नववं मेलं."

फोनवर बाईचा आवाज होता. रडका नव्हता, घाबरलेलाही नव्हता. दुकानात जाऊन भाव विचारावा इतका सरळ होता. फौजदारांनी नोकरीत पुष्कळ फिर्यादी ऐकल्या होत्या, पण स्वतःच्याच नावानं फिर्याद देणारं माणूस हे पहिलंच.

"नववं काय मेलं, ताई?"

"कोकरू."

फौजदारांचा जीव भांड्यात पडला. "मग गुरांच्या डॉक्टरला बोलवा. पोलिस येऊन काय करणार?"

"मला आत तरी ठेवतील. घरात माझी पाच वर्षांची मुलगी आहे. तिला मी भरवते." पलीकडून लगेच दुरुस्ती आली. "भरवत होते. आता तिनं तोंड मिटून घेतलंय. माझ्या हातचं खात नाही तेच बरं, पण उपाशी पोर बघवत नाही साहेब. एखाद्या दिवशी जबरदस्तीनं घास कोंबीन, आणि मग तिचंही त्या कोकरांसारखं होईल."

फौजदारांनी पत्ता विचारला आणि टोपी उचलली.

वाटेत त्यांनी भाचीला गाडीत घेतलं. भाची गुरांची डॉक्टर. पोलिसाला मामा म्हणणारे रस्त्यावर शेकडो, पण हक्कानं म्हणणारी ही एकटीच. गाडीत बसताबसता तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहून कपाळाला हात लावला.

"मामा, कोळशाच्या गोळ्या गिळायच्या असतात. चघळायच्या नसतात. तोंड आहे की धुराडं?"

"चघळल्या की गुण लवकर येतो," फौजदार म्हणाले. त्यांचं पोट त्यांच्या साहेबांपेक्षा जास्त कुरकुर करणारं होतं आणि गोळ्यांची डबी खिशातून हलत नसे.

उतारावर दोन घरं होती, मध्ये एकच आवार. मोठं घर थोरल्या भावाचं, त्यामागे मोठा मेंढवाडा. लहान घर धाकट्याचं. धाकटा दोन वर्षांपूर्वी ट्रक उलटून गेला, आणि आता त्या घरात त्याची बायको आणि मुलगी एवढीच होती. फोन करणारी तीच. सगळे तिला धाकटीच म्हणत. तिच्या वाड्यावर पत्रा होता आणि आत तीन कोकरं गवत खात उभी होती. करडी, धडधाकट, शेपट्या हलवणारी. चौथं गव्हाणीपाशी आडवं पडलं होतं.

ते पांढरं होतं. पोट टम्म फुगलेलं, बाकी अंगावर नुसती हाडं. भाची गुडघ्यांवर बसली. तिनं डोळे पाहिले, जबडा उघडला, आत बोट फिरवलं.

"फेस नाही, फोड नाहीत. जीभ स्वच्छ गुलाबी. विष असेल तर वरून तरी खूण दिसत नाही. उघडून बघावं लागेल."

धाकटी दाराशी उभी होती. दोन्ही हात पदराखाली घेतलेले, कुणी त्यांच्याकडे पाहू नये म्हणून.

"यांना खायला काय घालता?" फौजदारांनी विचारलं.

"गवत. थोडा भरडा. भावजींच्या वाड्यात जातं त्याच गंजीतलं."

"पाणी?"

"विहीर एकच आहे."

"मरायला कधी लागली?"

"दूध तुटल्यापासून. दुधावर होती तोवर जाऊबाईंच्या वाड्यात आपापल्या आयांपाशी होती. उड्या मारायची नुसती. वाटण्या आधीच झाल्या होत्या, दूध तुटल्यावर माझ्याकडे आली. माझ्या हातचं गवत खाल्लं आणि एकेक खाली बसत गेलं. पोट फुगायचं, अंग वाळायचं. कुणी आठवडाभर टिकलं, कुणी महिनाभर."

"मग ही तीन का उभी आहेत? यांनीही तेच खाल्लं ना?"

"मरतील," धाकटी म्हणाली.

फौजदारांनी तिच्याकडे नीट पाहिलं. सावत्र पोरांना छळणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या, नवऱ्याला विष घालणारी एक पाहिली होती. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी राखलेलं असे. हिच्या डोळ्यांत राखून ठेवलेलं काही नव्हतं.

"वाटण्या कुणी केल्या?"

"सासऱ्यांनी एक रीत घालून दिलीय. वाटणीला मोठ्यांनी हात लावायचा नाही. घरातलं सगळ्यात लहान मूल ज्याच्या पाठीवर हात ठेवील ते त्याचं. म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत. आमच्या भिंगरीनं आमची बारा निवडली. अशी देखणी निवडली, की भावजी म्हणाले, पोरीनं दौलत उचलली. पांढऱ्या लोकरीला किंमत जास्त. पण जाऊबाई हसल्या फक्त, एका शब्दानं अडवलं नाही. मनाच्या मोठ्या आहेत."

"आणि हातगुण वाईट, हे पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"कुणी म्हणालं नाही. उलट जाऊबाई समजूत घालायला आल्या होत्या. म्हणाल्या, तू मनाला लावून घेऊ नकोस, असतो एकेकाचा हातगुण." तिनं पदर घट्ट धरला. "मग मला आठवलं. हे गेले त्या सकाळी डबा मीच भरून दिला होता."

भाची काही बोलणार होती. फौजदारांनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. अशा ठिकाणी समजूत घालून काही होत नाही, हे त्यांना बायको गेली तेव्हा कळलं होतं.

भिंगरी लहान घराच्या पायरीवर बसली होती. नाव भिंगरी, पण पोर जागची हलत नव्हती. मनगटं काटकीएवढी. मांडीत एक पिटुकलं पांढरं कोकरू घेऊन ती त्याला बाटलीनं दूध पाजत होती. ते उशिरा जन्मलेलं, आई आटलेली, म्हणून मोठ्या आईनं तिला खेळायला दिलं होतं. थोरल्या काकूला ती मोठी आई म्हणायची.

"याला गवत कधी देणार?" फौजदार शेजारी टेकले.

"नाही देणार."

"का बरं?"

पोरीनं मान हलवली. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे एकटक पाहिलं. "जीभ दाखवा."

फौजदारांनी आज्ञा पाळली. पोरीनं पुढे वाकून निरखून पाहिलं.

"तुम्ही नाही मरणार," ती म्हणाली.

"चला, बरं झालं. एवढं ठामपणे आजवर एकाही डॉक्टरनं सांगितलं नव्हतं."

भाची हसली आणि तिनंही गंमत म्हणून जीभ काढून दाखवली. भिंगरीनं ती पाहिली आणि पुन्हा बाटलीकडे वळली.

मोठ्या घरातलं स्वयंपाकघर उजेडाचं होतं. थोरला आडव्या अंगाचा, बोलायला रोखठोक. त्याची बायको, जिला सगळे थोरली म्हणत, चुलीपाशी उभी राहून ऐकत होती. हात सतत कामात, नजर खाली.

"गंजी एक, विहीर एक, गडी एक," थोरला म्हणाला. "माझं एकही मेलं नाही. मी धाकटीवर आळ घेत नाही साहेब, भावाची बायको आहे. पण तिचं डोकं ठिकाणावर नाही. पोर खंगत चाललीय. म्हणून कोर्टात अर्ज केलाय, की पोर आमच्याकडे राहावी. सोमवारी तारीख आहे."

"मूल तुम्हाला?"

"नाही," थोरला म्हणाला. चुलीवरचं झाकण जरा वाजलं.

"यंदा तुमच्या कळपात नवीन काय झालं? चारा, औषध, माणूस?"

"काही नाही. मेंढा तेवढा बदलला. बाबा होते तोवर कळपात कायम काळा मेंढा. मेंढ्या करड्या आणि नर काळा. निम्मी कोकरं काळी निपजायची, आणि काळ्या लोकरीला कुत्रं विचारत नाही. मी म्हणायचो, करडा नर आणू. ते म्हणायचे, नको, काळाच असू दे. का, ते कधी सांगितलं नाही. दृष्ट लागू नये म्हणून असेल. जुनी माणसं. बाबा गेले, मी काळा विकला आणि हिच्या माहेरून करडा आणला. तिकडे पिढ्यानपिढ्या करडीच मेंढरं. पहिल्याच वर्षी बघा काय रंग उतरले."

खिडकीखाली एक लहानशी खाट होती. नवी, कडांना रंग दिलेली. वर दोन पांढरीशुभ्र कोकरांची कातडी अंथरली होती. फौजदारांनी हात फिरवला. लोण्यासारखी मऊ.

"ही तुमच्याच कळपातली?"

"दोन कापली होती," थोरली पहिल्यांदाच बोलली. "पाहुणे आले होते."

"वाटणीनंतर?"

"वाटणीनंतर. दूध तुटायच्या आत. कोवळं असलं तरच कातडं मऊ राहतं."

"खाट भिंगरीची?"

"रात्री माझ्यापाशीच निजते ती." थोरलीचा आवाज एकदम मऊ झाला. "माझ्या हातचं पोटभर खाते."

फौजदारांची नजर खिडकीच्या कट्ट्यावर गेली. तिथं एक लहान ताटली होती. पावाचा तुकडा वाळून कडक झालेला, उकडलेलं अंडं जसंच्या तसं. शेजारी दुधाचा पेला मात्र तळापर्यंत चाटूनपुसून रिकामा. त्यांनी पेला हातात घेऊन पाहिला. मनात नोंद झाली, की या घरात निदान एक माणूस खोटं बोलतंय, आणि तेही अशा गोष्टीबद्दल जिच्यात खोटं बोलायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी भाचीनं मेलेल्या कोकराची तपासणी संपवून फोन केला.

"विष नाही मामा. कसलंच नाही. पोट फुग्यासारखं ताणलेलं, भिंती कागदासारख्या पातळ आणि आत गवत गच्च. जसं गिळलं तसंच पडून. पुढे सरकलेलंच नाही. दूध सरळ खालच्या कप्प्यात उतरतं, त्याला काही अडचण नसते. पण गवत वरच्या मोठ्या कप्प्यात जातं, आणि तो कप्पा या पोराचा हललाच नाही कधी. भरल्या पोटी उपाशी मेलंय ते."

"हे कुणाला मुद्दाम करता येईल?"

"नाही. हे जन्मतःच असतं."

"मग नऊ एकाच घरात कशी? आणि शेजारच्या घरात एकही नाही?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. दैव एवढं नेमकं नेम धरून मारत नाही, एवढं त्यांना कळत होतं. विधवेच्या दारातलीच उचलायची आणि भिंतीपलीकडच्यांना शिवायचंही नाही, ही करणी माणसाची असते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दात घासत होते. आरशात आपलंच तोंड दिसलं आणि हात थांबला. दात घासून पांढरे झाले होते, पण जीभ अजून काळीकुट्ट होती. *तुम्ही नाही मरणार.* पोरीनं गंमत केली नव्हती. तिनं तपासणी केली होती.

त्यांनी तोंडातला फेसही न थुंकता फोन लावला. "मेंढीची जीभ कुठल्या रंगाची असते गं?"

"आधी चूळ भरा मामा. कुठल्याही. गुलाबी असते, काळी असते, जशी जात."

"एकाच कळपात, एकाच नराच्या पोरांत, दोन्ही असू शकतात?"

"करड्या मेंढ्या आणि करडा नर," भाची हळूच म्हणाली. "मी गाढव आहे मामा. हे आम्हाला शिकवलं होतं. परीक्षा झाली आणि विसरले. मला घ्यायला या."

त्या सकाळी दोघांनी थोरल्याच्या वाड्यातल्या प्रत्येक कोकराचं तोंड उघडून पाहिलं. थोरला कमरेवर हात ठेवून बघत राहिला. जिभा सगळ्या काळसर, काजळ फासल्यासारख्या. धाकटीच्या तीन जिवंत कोकरांच्या जिभाही तशाच. गुलाबी जीभ सगळ्या आवारात एकच उरली होती, पायरीवर बाटलीतून दूध पिणारी.

"का, ते कळलं," फौजदार भाचीला म्हणाले. "आता एवढंच बघायचंय, की हे आपल्या आधी कुणाला माहीत होतं."

मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात त्यांनी सगळ्यांना बसवलं. थोरला, थोरली, दाराजवळ धाकटी. भिंगरी बाहेर पायरीवर होती. तिचं कोकरू मात्र फौजदारांनी मांडीवर घेतलं होतं.

"विष सापडलेलं नाही," त्यांनी सुरुवात केली. "म्हणजे प्रश्न हातगुणाचाच उरला. तेव्हा सरळ परीक्षा करू. हे शेवटचं पांढरं कोकरू. थोरल्या वहिनींनी आजपासून आपल्या वाड्यात घ्यावं आणि आपल्या हातानं गवतावर घालावं. जगलं, तर दोष धाकटीच्या हाताचा. सोमवारी कोर्टात मी स्वतः तसं सांगेन. पोर तुमच्याकडे राहील."

धाकटीनं मान खाली घातली. तिला हे पटल्यासारखं दिसत होतं.

"घ्या की," थोरला म्हणाला. "आत्ता घ्या. ही न्याय्य गोष्ट झाली."

थोरली चुलीपाशीच उभी राहिली. "नको."

"नको का?"

"कमजोर आहे ते."

"ठणठणीत आहे," भाची म्हणाली. "मी आत्ताच तपासलं."

"अगं, घे ना," थोरला वैतागला. "तुझ्या हातचं आजवर एक मेलं नाही. पोर घरात येतेय आणि तू कोकराला नको म्हणतेस?"

"नको म्हटलं ना. ते गवतावर जगायचं नाही."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. हातातलं फडकं तिनं घडी करून कट्ट्यावर ठेवलं, पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं.

"वहिनी बरोबर बोलल्या," फौजदार म्हणाले. "ते जगायचं नाही. कुणाच्याही हातानं जगायचं नाही. का, ते डॉक्टर सांगतील."

भाचीनं थोरल्याकडे पाहून सांगायला सुरुवात केली. "या जातीत करडा रंग आईबापांपैकी एकाकडून आला, तर कोकरू करडं होतं आणि छान जगतं. दोघांकडूनही आला, तर ते पांढरं निपजतं. जीभसुद्धा गुलाबी, रंगाचा टिपूस नाही. पण जी गोष्ट रंग पुसते, तीच त्याच्या पोटातल्या नसाही घडू देत नाही. दुधावर ते मजेत वाढतं. गवत आलं की मरतं. करडी मादी आणि करडा नर म्हटलं की चारांतलं साधारण एक असं निघणारच. काळा नर असला तर एकही निघत नाही, कारण करडा रंग दोन्हीकडून येऊच शकत नाही. तुमचे वडील दृष्टीसाठी काळा मेंढा ठेवत नव्हते, काका. त्यांनी कधीतरी ही मरणं पाहिली असणार."

थोरला खुर्चीवर बसला. "मला सांगितलं का नाही त्यांनी?"

"विचारलंत कधी?" फौजदार म्हणाले.

"आता पुढचं. बारा कोकरं भिंगरीनं निवडली. त्यांतली नऊ गुलाबी जिभेची. पोरीला पांढरा रंग आवडला असेल, असं मी आधी धरून चाललो. पण तिनं मला तोंड उघडायला लावलं आणि माझी काळी जीभ बघून सांगितलं, की मी मरणार नाही. पाच वर्षांची पोर कोकरांच्या जिभा आपणहून बघत नाही. तो खेळ कुणीतरी शिकवला. या घरात वाटणी सगळ्यात लहानाच्या हातानं होते, हे ज्याला ठाऊक होतं त्यानंच. तिच्या नजरेतून दोन गुलाबी सुटली. ती वहिनींनी दूध तुटायच्या आत कापली, म्हणजे त्यांच्या वाड्यात एकही मरण दिसायला नको. करडीच मेंढरं पिढ्यानपिढ्या कुणाच्या माहेरी होती, ते परवा तुम्हीच सांगितलंत."

थोरला बायकोकडे बघत राहिला. "तू?"

थोरलीनं नाही म्हटलं नाही.

"माहेरी आम्ही ती जगवतच नसू," ती म्हणाली. "गुलाबी जीभ दिसली की आठवड्यातच कापायची, कातड्यासाठी. नर आणला तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगते. कोकरं झाली, मी जिभा बघितल्या, तेव्हा तुम्हाला सांगणारच होते. तेवढ्यात भिंगरी आली आणि माझ्या कुशीत झोपली." तिनं डोळे पुसले नाहीत. "जिभेचा खेळ मीच शिकवला. गुलाबी जीभ ती तुझी, काळी ती काकाची. तिला फार आवडायचा तो."

"जाऊबाई," धाकटी म्हणाली. एवढंच म्हणाली.

"तुझी कोकरं गेली की तू माहेरी जाशील, पोर ठेवून जाशील, एवढंच मनात होतं. तू आपल्या हातालाच भिशील असं..." ती थांबली. "नाही, तेही होतं मनात. माझी तीन पोटातच गेली. दर वेळी सासूबाई समजूत घालायच्या, असते एखादीची कूस. हे वाक्य कुठं लागतं ते मला ठाऊक होतं."

चुलीवर काहीतरी करपत होतं. कुणी उठलं नाही.

"गुन्हा कुठला लावणार?" थोरल्यानं शेवटी विचारलं. त्याचा आवाज एका बैठकीत म्हातारा झाला होता.

"विधवेला देखणी कोकरं देणं हा गुन्हा नाही. समजूत घालणं हाही नाही. त्यांना घेऊन जायला माझ्याकडे कलम नाही. सोमवारी मात्र मी कोर्टात येणार आहे, आणि हे सगळं सांगणार आहे."

"अर्ज मागे घेतो," थोरला म्हणाला.

फौजदार उठले. कोकरू त्यांनी भाचीकडे दिलं. "अजून एक गोष्ट राहिली. वहिनी, भिंगरी तुमच्या हातचं किती खाते?"

थोरलीनं खिडकीखालच्या खाटेकडे पाहिलं. "खात नाही. घासभरसुद्धा नाही. नुसतं दूध पिते."

"म्हणजे तिला आईच्या हाताची भीती नाही," फौजदार धाकटीला म्हणाले. "ताई, तुमच्या पोरीनं हा उलगडा आपल्या सगळ्यांच्या आधी केलाय. नऊच्या नऊ तिनं स्वतः निवडली होती. कुठली मेली, ते तिला पाठ आहे. दुधावर सगळी जगतात, खायला लागली की गुलाबी जिभेची मरतात. मग तिनं आरशात आपली जीभ बघितली असणार."

धाकटीला कळायला एक क्षण लागला. मग तिनं कट्ट्यावरची वाटी उचलली.

भिंगरी पायरीवर तशीच होती, रिकामी बाटली हातात घेऊन. फौजदार आवारातल्या नळापाशी गेले. खिशातला रुमाल ओला केला आणि सगळ्यांसमक्ष, वर्दीतल्या माणसाला शोभणार नाही अशा रीतीनं, जीभ बाहेर काढून घासायला लागले. रुमाल काळा झाला. डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पुन्हा चूळ भरली, पुन्हा घासली आणि पोरीसमोर उकिडवे बसले.

"बघ बरं आता."

भिंगरीनं पाहिलं. तिचा चेहरा उतरला. "तुमची पण?"

"माझी पण. ती काळी नुसती गोळी होती. जन्मापासून गुलाबीच आहे, आणि साठ वर्षं होत आली, मी गवत सोडून सगळं खातोय."

भाचीनं दाखवली. थोरला आला, गुडघे धरत खाली बसला आणि त्यानंही दाखवली. दारात उभी राहिलेली थोरली जवळ आली नाही. पोरीनं तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिनं लांबूनच तोंड उघडलं, आणि मग तोंडावर पदर घेऊन आत गेली.

धाकटी शेवटी आली. हातात वाटी होती, दुधात कुस्करलेला पाव. ती पोरीशेजारी पायरीवर बसली आणि तिनं जीभ दाखवली. भिंगरी फार वेळ बघत राहिली.

"माणसांची गुलाबीच असते," धाकटी म्हणाली. "सगळ्यांची. बाबांचीही होती."

"मग कोकरं?"

"त्यांचं वेगळं असतं. त्यांच्या पोटातच कमी असतं काहीतरी. जन्माला येतानाच."

"मी निवडली म्हणून नाही?"

"नाही गं. तू निवडलीस म्हणून त्यांना आपलं घर तरी मिळालं."

"आणि माझं हे?"

धाकटीनं भाचीच्या हातातल्या कोकराकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं. या आवारात ते फार झालं होतं. "हे दूध पिईल तोवर आपलं. त्यानंतर नाही राहायचं. तोवर आपण दोघी पाजू त्याला."

पोरीनं मान डोलावली. धाकटीनं पदराखालचा हात बाहेर काढला आणि वाटीतला एक मऊ घास उचलला. दुधाचे थेंब तिच्या मांडीवर पडले. थोरल्यानं मान फिरवली.

भिंगरीनं तोंड उघडलं. घास आत गेला. तिनं चावला, गिळला, आणि आपण मरतो का ते बघायला थोडा वेळ थांबली. मग तिनं पुन्हा आ केला.